मुक्त प्रवेश, खर्च शून्य

प्राचार्यांनी ‘पॅकेज’ या शब्दाभोवती लाल शाईने गोल काढून प्रस्ताव परत पाठवला, तेव्हाच ग्रंथपालांनी सावध व्हायला हवं होतं. पण माणूस एकदा का स्वतःच्या प्रस्तावाच्या प्रेमात पडला की त्याला लाल शाईसुद्धा शुभ वाटते.

महाविद्यालयात त्या वर्षी शुद्ध भाषेची लाट आली होती. कार्यालयीन कागदात परका शब्द दिसला की कागद परत, असा प्राचार्यांचा हुकूम होता. हेडक्लार्कच्या टेबलावर एक जाडजूड शब्दकोश येऊन बसला होता आणि हेडक्लार्क स्वतः ‘मुख्य लिपिक’ झाले होते. पगार तोच होता, पण चालण्यात फरक पडला होता.

“‘पॅकेज’ला काय लिहू?” ग्रंथपालांनी त्यांना विचारलं.

“पुडकं.”

“अहो, जगभरातली दोन हजार संशोधनाची मासिकं आहेत त्यात. संगणकावर वाचायची. पुडकं काय म्हणता?”

“दोन हजार खिळेसुद्धा पुडक्यातच मिळतात,” मुख्य लिपिक शांतपणे म्हणाले. “आकड्याचा काय संबंध?”

तर त्या दिवसापासून पुडकं हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर ते शोभूनही दिसलं. पूर्वी मासिकं टपालाने यायची. टेबलावर पडायची, हाताळली जायची, वर्षाअखेर त्यांची बांधणी व्हायची आणि ती कपाटात कायमची राहायची. मग सगळं संगणकावर आलं. कंपनी म्हणाली, आता एकेक सुटं मिळणार नाही, सगळी एकत्र घ्या. ज्यांना तीन मासिकं हवी होती त्यांनी दोन हजार घेतली. पुडक्याची किंमत दरवर्षी वाढत गेली आणि ग्रंथालयाची तरतूद जागची हलली नाही. आधी बांधणी बंद झाली, मग वर्तमानपत्रं एकावर आली, आणि शेवटी पुस्तकखरेदीच थांबली. सलग तिसरं वर्ष ग्रंथालयात एकही नवं पुस्तक आलं नव्हतं. दाराजवळच्या ‘नवीन पुस्तके’ या मांडणीवर ग्रंथपाल मागच्या कपाटांतली जुनीच पुस्तकं झाडूनपुसून आळीपाळीने मांडत. मुलं फसत नव्हती. मुलं मुळात तिकडे बघतच नव्हती, आणि ग्रंथपालांना फसवणुकीपेक्षा तेच जास्त लागायचं.

घरी जेवताना हा विषय रोजचा होता.

“म्हणजे भाड्याचं घर की हो ते,” बायको एकदा म्हणाली.

“भाड्याचंच. आणि एक वर्ष भाडं चुकलं की आपण बाहेर. आत्तापर्यंत पैसे भरले, त्यातलं काहीसुद्धा आपलं नाही.”

“मग सोडा की.”

“सोडायचं तर ग्रंथालय समितीला पटवावं लागतं. ते पुडकं फारसं कुणी उघडत नाही हे दाखवायचं, आणि लागतं तेवढं फुकट मिळतं हेही दाखवायचं.”

“मिळतं फुकट?”

“बरंचसं मिळतं!” ग्रंथपालांचे डोळे चमकले. या प्रश्नाची ते वाटच बघत असत. हल्ली पुष्कळ संशोधक आपले लेख आंतरजालावर खुले ठेवतात. कुणीही वाचावेत, पैसे द्यायला नकोत. आपल्या प्राध्यापकांना खरोखर लागणारे लेख त्यांनी शोधून पाहिले होते आणि त्यातले बहुतेक असे खुले सापडले होते. पुडकं सोडलं तर त्या पैशांत पुस्तकं येतील, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. यंदा नाही जमलं तर कंपनीशी पाच वर्षांचा करार होणार होता. म्हणजे ग्रंथपाल निवृत्त होईपर्यंत एकही पुस्तक येणार नव्हतं. ज्या खोलीत माणसाने उभा जन्म काढला, तिथून त्याने जुनी पुस्तकं पुसत बाहेर पडायचं, या विचाराने ते प्रस्तावाला आणखी एक पान जोडत.

या खुल्या लेखांच्या व्यवस्थेला त्यांच्या धंद्यात ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणतात. हे दोन्ही शब्द परके. ग्रंथपालांनी निमूटपणे मुख्य लिपिकांचा शब्दकोश उघडला. त्यात प्रतिशब्द होता. त्यांनी प्रस्ताव पुन्हा लिहिला : ‘विषय – ग्रंथालयाने मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारणेबाबत. अपेक्षित खर्च – शून्य.’ खाली चार पानं खुलासा होता.

प्राचार्य कुठल्याही कागदाचा विषय आणि खर्च एवढंच वाचत. त्यांना तेवढाच वेळ असे. पण ‘खर्च शून्य’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले, खुर्चीत मागे रेलले आणि झोकात सही केली : ‘मंजूर. त्वरित अंमलबजावणी व्हावी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल आले तर फाटकावर मोठी पाटी लागली होती. ‘आजपासून ग्रंथालयात सर्वांना मुक्त प्रवेश.’ पाटीखाली निवृत्त पोस्टमास्तर चष्मा पुसत उभे होते. त्यांच्यामागे समोरच्या सलूनचा मालक होता, त्याच्यामागे कपडे शिवणाऱ्या मावशी आणि त्यांच्यामागे ज्यांना नुसतं रांग बघून उभं राहायची सवय असते अशी चार माणसं.

ग्रंथपाल तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले.

“सर, घोटाळा झालाय. तो प्रवेश वेगळा.”

“प्रवेश तो प्रवेश. त्यात वेगळा काय?”

“माणसांना नाही सर, लेखांना... म्हणजे लेखांना नाही, लेखांपर्यंत. माणसांनीच यायचं, पण इथे नाही.”

प्राचार्यांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. “तुम्ही रजा कधी घेतली होती शेवटची?”

“सर, कृपा करून ती पाटी काढा.”

“पाटी काढू? अहो, सकाळपासून मला पाच फोन आले. संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः अभिनंदन केलं. म्हणाले, समाजाला दार उघडणारं आपलं पहिलं महाविद्यालय. उद्या त्यांच्या मातोश्री येणार आहेत वाचायला. आणि कल्पना तुमची! मी सगळीकडे तुमचं नाव सांगतोय.”

ग्रंथपाल परत आले. तोवर खोली भरली होती.

पहिले काही दिवस त्यांची नुसती धांदल उडाली. पिण्याचं पाणी दुपारीच संपायला लागलं. अध्यक्षांच्या मातोश्री आल्या, त्यांनी खिडकीजवळची खुर्ची धरली आणि ती मग त्यांचीच झाली. पोस्टमास्तर आल्या आल्या सगळ्यांना गप्प बसायला सांगत आणि ते सांगताना इतका आवाज करत की सगळे खरोखरच दचकून गप्प बसत. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून यायचा, दोन पानं वाचायचा आणि जायचा. एकदा त्याला उशीर झाला तेव्हा गिऱ्हाईक तसंच साबणासकट त्याला शोधत आलं आणि शेजारी बसून मासिक चाळू लागलं.

ग्रंथपालांना या सगळ्यांचा राग यायचा आणि यायचाही नाही. एवढ्या खुर्च्या भरलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. पण समितीची बैठक तोंडावर आली होती. त्यांचं सगळं लक्ष त्या पुडक्याकडे होतं.

घोळ झाला तो तिथेच. ग्रंथालयात चार संगणक होते. कोणताही चालू करा, पहिल्यांदा पुडक्याचंच पान उघडायचं. कंपनीच्या माणसाने मागच्या वर्षी सोय म्हणून ते तसं करून दिलं होतं. आता दिवसभर लोक संगणकावर बसत. कुणाला मॅचचा स्कोअर बघायचा असे, कुणाला विजेचं बिल भरायचं असे, मावशींना बाह्यांचे नवे नमुने बघायचे असत. पण आधी पुडकं उघडे, आणि दर वेळी कंपनीच्या यंत्रात एक वाचक वाढे.

बैठकीत आकडेवारी पडद्यावर आली तेव्हा ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर जमिनीला चिकटून चाललेली रेघ शेवटी एकदम छताकडे गेली होती.

“हे बघा!” भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख टेबलावर हात आपटून म्हणाले. पुडक्याचा त्यांना फार अभिमान होता. “आणि म्हणे कुणी वाचत नाही! अहो, काय भूक आहे लोकांना संशोधनाची!”

“सर, ती भूक स्कोअरची आहे,” ग्रंथपाल कळवळून म्हणाले. “संगणक उघडला की ते पान आपोआप उघडतं. लोक ते लगेच बंद करतात. वाचत कुणीच नाही.”

“तुम्ही ना, स्वतःच्या कामाला नेहमी कमी लेखता,” प्राचार्य मायेने म्हणाले. “इतका विनय बरा नाही.”

“विनय नाही सर, खरं आहे!”

“ऐकलंत? खरा विनय हा असा असतो,” प्राचार्यांनी बाकीच्यांना सांगितलं. भौतिकशास्त्रवाल्यांनी मान डोलावली. पाच वर्षांचा करार करावा, असं एकमताने ठरलं. त्या एकमतात ग्रंथपालांचं मत कधी घेतलं गेलं ते त्यांनाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी ते घरी जेवले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं, मग विचारायची थांबली. “मी माझ्याच हाताने केलं गं,” ते एवढंच म्हणाले. “दार उघडायला सांगितलं मीच, आणि त्या दारातून माझंच घोडं पळालं.”

“दार उघडलं ते वाईट झालं का?” तिने विचारलं.

ते तोवर पाठ करून आडवे झाले होते. प्रश्न ऐकला होता की नाही, देव जाणे.

करारासाठी कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय, बॅग आणि कुणाच्याही घरचा वाटावा असा हसरा चेहरा. प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला. वाढलेला वापर बघून तो खूश होताच, त्यात त्याने करार बाहेर काढत सहज विचारलं, “वापरकर्ते एकदम इतके कसे वाढले सर? विद्यार्थी वाढले का?”

“विद्यार्थी?” प्राचार्य अभिमानाने हसले. “अहो, अख्खं गाव वाचतंय!”

प्रतिनिधीचं हसू जिथल्या तिथे थांबलं. “गाव म्हणजे... बाहेरचे लोक?”

“बाहेरचा कुणी नाही. सगळे आपलेच. मुक्त प्रवेश आहे. फाटकावर पाटी पाहिली नाहीत?”

“पण सर, आमची किंमत डोक्यांवर असते. जितकी माणसं वापरू शकतात, तितक्यांची. गावाला खुलं असेल तर...” त्याने बॅगेतून कॅल्क्युलेटर काढला. “गावाची लोकसंख्या साधारण किती?”

मुख्य लिपिकांनी ती अगदी अचूक सांगितली. नको तिथे अचूक असणं हा त्यांचा जुना गुण होता.

प्रतिनिधीने आकडा दाखवला. प्राचार्यांनी चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. तेवढ्या पैशांत दुसरं महाविद्यालय उभं राहिलं असतं.

“दुसरा मार्ग आहे सर,” प्रतिनिधी म्हणाला. “पाटी काढायची. फक्त विद्यार्थी आणि प्राध्यापक. मग जुनाच दर.”

ग्रंथपाल कोपऱ्यात उभे होते. पाटी काढा म्हणून त्यांनीच तर प्राचार्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. आता एक शब्द बोलायचा अवकाश होता. पण त्यांना डोळ्यांसमोर खिडकीजवळची खुर्ची दिसली, तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मत असूनही तोंड बंद ठेवलं.

“पाटी काढायची,” प्राचार्य हळूच म्हणाले, “म्हणजे अध्यक्षांच्या मातोश्रींना सांगायचं, की उद्यापासून येऊ नका?”

“ते मी सांगणार नाही,” मुख्य लिपिक तत्परतेने म्हणाले.

“मी तर मुळीच नाही,” प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी प्रतिनिधीचा करार दोन बोटांनी त्याच्याकडे परत सरकवला. “पुडकं नको.”

असं ते पुडकं सुटलं. ज्यासाठी ग्रंथपालांनी चार पानं खुलासा लिहिला होता, तो न वाचताच त्यांचं सगळं म्हणणं मान्य झालं.

भौतिकशास्त्रवाले मात्र ग्रंथालयात येऊन गरजले. “माझं संशोधन बंद पाडलंत तुम्ही! आता मी लेख वाचू कसे?”

“शेवटचा कोणता वाचलात सर?”

“तो मुद्दा नाही.”

“नाही, नाव सांगा, शोधून देतो.”

विभागप्रमुखांनी जरा घुटमळून एका लेखाचं नाव सांगितलं. ग्रंथपालांनी ते टाइप केलं. लेख उघडला.

“पासवर्ड?” भौतिकशास्त्रवाल्यांनी कुजबुजत विचारलं.

“लागत नाही सर. लेखकानेच खुला ठेवलाय.”

ते खुर्चीत बसले. पडद्यावरचं पान खाली सरकवत राहिले. बऱ्याच वेळाने, इकडेतिकडे बघून म्हणाले, “तुम्हाला म्हणून सांगतो. पुडक्याचा पासवर्ड मी केव्हाच विसरलो होतो. एवढ्या मोठ्या माणसाने विचारायचं कुणाला? त्यामुळे वाचणंच राहून गेलं हो.” त्यांचा आवाज इतका पडला होता की ग्रंथपालांना चिडवावंसं वाटेना. त्यांनी नुसताच दुसरा एक लेख उघडून दिला.

आणि मग पुस्तकं आली. खोकी ग्रंथपालांनी स्वतःच्या हाताने उघडली. नवं पुस्तक एकदम मधोमध उघडलं तर त्याचा कणा मोडतो. म्हणून दोन्ही बाजूंची थोडी थोडी पानं दाबत मध्यापर्यंत यायचं असतं. ते त्यांनी मावशींना शिकवलं, मावशींनी मातोश्रींना शिकवलं, आणि मग सगळं टेबल ते करत बसलं. पोस्टमास्तरांनी शिक्के मारायचं काम मागून घेतलं. इतके सुबक आणि इतके जोरात शिक्के त्या पुस्तकांनी जन्मात पाहिले नव्हते.

त्या खरेदीत एक पुस्तक ग्रंथपालांनी स्वतःसाठी मागवलं होतं. नद्या वाट कशी बदलतात, यावरचं जाडजूड पुस्तक. घाईगर्दीचं काम उरकल्यावर शांतपणे घरी न्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. काम उरकलं आणि पाहतात तो पुस्तक गायब. गेलं! पहिल्याच आठवड्यात! तेवढ्यात त्यांना ते सलूनवाल्याच्या मांडीवर दिसलं.

“जरा बघू,” ते हात पुढे करत म्हणाले.

“अर्ध्यात आहे, साहेब.”

“अहो, मी ग्रंथपाल आहे.”

“म्हणूनच तर. तुम्हाला नियम माहीत आहेत,” सलूनवाला मान वर न करता म्हणाला. “माझ्यानंतर मावशींनी सांगून ठेवलंय. मग भौतिकवाले सर. मग तुमच्या मिसेस. त्यांच्यानंतर तुमचा नंबर लावू का?”

“कुणाच्या मिसेस?”

“तुमच्या. रोज येतात की दुपारी. तुम्ही जेवायच्या सुट्टीत कार्यालयात असता तेव्हा. त्या कोपऱ्यात बसतात.”

ग्रंथपालांनी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. त्यांनी मुकाट्याने नंबर लावला आणि घरी आले.

बायको भाजी निवडत होती. ते समोर बसले.

“तू ग्रंथालयात येतेस?”

“पाटी लागल्यापासून येते. मुक्त प्रवेश आहे ना?”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही कुठे विचारलंत?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच त्यांना ते जास्त लागलं. “लग्न झाल्यापासून रोज जेवताना ऐकतेय. मासिकं, बांधणी, भाडं, पुडकं. कुणी वाचायला येत नाही, कुणी वाचायला येत नाही. एकदाही ‘तू ये’ म्हणालात?”

ग्रंथपालांनी खूप आठवून पाहिलं. तसं कधी म्हटल्याचं त्यांना आठवेना. सगळ्या गावासाठी उघडायला नको म्हणून ज्या दाराशी ते भांडले होते, ते या एका माणसासाठी उघडायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी तिच्यासमोरची निम्मी भाजी स्वतःकडे ओढली आणि मान खाली घालून निवडायला घेतली.

“नद्यांच्या पुस्तकाला तुझ्यामागे माझा नंबर आहे,” ते म्हणाले. “तुला किती दिवस लागतील?”

“किती दिवस ठेवता येतं?”

“पंधरा.”

“मग पंधरा लागतील,” ती म्हणाली.